जैनबबीचं मत्स्यालय

रहमत पांढरकवड्यात हमरस्त्याला ट्रक दुरुस्त करायचा आणि त्याची बायको जैनबबी घरी मशीनवर झगे शिवायची. १९५९ च्या हिवाळ्यात तिला दिवेलागणीनंतर भिंतीला हात लावून चालावं लागू लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगितलं.

मुंबईच्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी एकट्या रहमतला आत बोलावलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "काई नाई, औषध देल्लं. चाल, तुले समुद्राकाठचं मत्स्यालय दाखोतो."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. या माणसाने तिला कधी साधा बाजारसुद्धा हौसेनं दाखवला नव्हता.

आत अंधार आणि भिंतीत उजेडाच्या काचपेट्या. जैनबबी दोनदा माणसांवर आदळली. एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा तिच्या अगदी समोर आला, जरा बाजूला सरकला आणि नाहीसाच झाला.

"कुठं गेला?"

"हा काय, तुह्या उजव्या हाताले. नीट पाहून घे." पुढच्या पेटीपाशी पुन्हा तेच. "कासव हाय. पाहून घे." तिसऱ्या पेटीपाशी त्याचा आवाज चिरकला.

जैनबबी थांबली. "कायले सारखं पाहून घे, पाहून घे म्हणून राह्यले? काय म्हणे डॉक्टर?"

"घरी गेल्यावर सांगतो."

"अठीच सांगा."

रहमतने मान खाली घातली. "नजर जाईन म्हणे. दोन-तीन वर्षांत. इलाज नाई."

तिच्या अंगाची आग झाली. रडू आलंच नाही. "डोळे माहे, अन् खबर तुमाले?"

"तुह्या जिवाले लागंन म्हणून..."

"म्हणून मासे दाखवाले आणलं? रडक्या पोराच्या हातात बत्तासा द्यावा तसं?"

लोक वळून पाहू लागले. पहारेकरी आला, "बाई, हळू बोला."

"नाई बोलत हळू!" ती कठड्याला धरून दाराकडे निघालीसुद्धा. "दवाखान्यात चाला. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टर निघायच्या बेतात होते. त्यांनी रहमतकडे पाहून बोलायला सुरुवात केली.

"माह्याकडं पाहून बोला, डॉक्टरसाहेब," जैनबबी म्हणाली. "किती दिवस शिवता येईन? एकदम जाईन का हळूहळू? अन् माही पोरगी हाय बारा वर्षांची. तिलेबी होते का हे?"

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "होऊ शकतं. तिला तपासायला हवं. हे मला यांनी विचारलंच नाही."

रहमतचा चेहरा उतरला. त्याला ते सुचलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत ती त्याच्याकडे पाठ करून बसली. धामणगाव स्टेशनवर उतरताना अंधारून आलं होतं. त्याने हात पुढे केला. तिने धरला, पण दातओठ खात म्हणाली, "यापुढं माह्याबद्दल कोणीबी तुमाले एकट्याले आत बोलावलं, तर जायचं नाई."

पांढरकवड्याला पोचताच लेक शहनाज धावत आली. "अम्मी, मुंबईले काय काय पाह्यलं?"

"बस अठी. सांगाचं हाय तुले. माह्या डोळ्यांचं, अन् तुह्याबी."

"लहान हाय ती," रहमत पुटपुटला. "आत्ता नको."

जैनबबीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मग तिने पोरीला एकही गोष्ट न लपवता सगळं सांगितलं.