जहाजावरचं ताट

नर्मदाबाईंनी ते जहाज कधी पाहिलं नव्हतं, पण त्यातली जेवणाची खोली त्यांना पाठ होती. पाइपांच्या कंपनीने डीलर लोकांना वाटलेला तो गुळगुळीत रंगीत कागद सत्त्याण्णव साली पोळ्यापासून चार महिने त्यांच्या जळगावच्या घरात रेडिओमागे उभा होता. दुपारची झाकपाक झाली की त्या तो काढत, पदराने पुसत आणि बघत बसत. कलिंगड कोरून केलेला हंस. पांढरे हातमोजे घातलेला, कमरेत वाकलेला वाढपी. आणि त्याच्यापुढे खुर्चीत बसलेली एक बाई. तिने नुसती मान तिरकी केली होती. तिला उठायचं नव्हतं, वाढायचं नव्हतं, कोणाचं झालं अन् कोणाचं राहिलं ते पाहायचं नव्हतं. त्या बाईच्या खुर्चीत नर्मदाबाई रोज पाच मिनिटं बसून येत.

दिवाळीपर्यंत खानदेशात ज्याचा माल जास्त खपेल त्याला जोडीने सिंगापूरची सहल, आणि त्यात तीन रात्री जहाजावर, अशी ती स्कीम होती. कंपनीची एजन्सी दोघा भावांकडे होती. थोरले अभिमन, म्हणजे नर्मदाबाईंचे यजमान, जळगावला. त्यांना सगळे नाना म्हणत. धाकटे भटू धुळ्याला. भटूला एजन्सी मिळवून दिली तीही नानांनीच. नवरात्रापर्यंत नाना पुढे होते. मग भटूने मोटारसायकल काढली आणि साक्री, शिरपूर, शिंदखेडा असं गावोगाव फिरायला लागला. नर्मदाबाई म्हणाल्या, "तुम्हीही जरा बाहेर पडा की."

"मी दारोदार फिरू?" नाना गादीवरून न हलता म्हणाले. "गिऱ्हाईक आपल्या पायाने येतं."

ते आलं नाही. सहल धुळ्याला गेली. नानांनी फोन खाली ठेवला, "जाऊ दे, घरातच राहिलं ना," म्हणाले आणि चहा मागितला.

जायच्या आठवडाभर आधी द्रौपदाबाई, भटूची बायको, थोरल्या जावेच्या पाया पडायला जळगावला आली. जरा बावरलेलीच होती.

"अक्का, तुमच्या हातच्या दशम्या करून द्याल का हो? आणि लसणाची चटणी. चार-पाच दिवस टिकतील अशा."

द्रौपदा माळकरी घरातली. अंड्याचा वास आला तरी तिला ताट ढकलावंसं वाटे. हे नर्मदाबाईंना पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. तरी त्या म्हणाल्या, "वेडी की काय तू? तिथं शंभर पदार्थ मांडलेले असतात. हातमोजे घालून माणसं उभी असतात वाढायला. आणि तू पिशवीतून दशमी काढशील? लोक हसतील. भटू भाऊंची मान खाली जाईल."

"खरंच का हो?"

"मग? मी कागद पाहिला नाही का?"

द्रौपदा दशम्या न घेता गेली. नर्मदाबाईंनी त्या दिवशी रेडिओमागचा कागद काढला आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या साड्यांखाली घालून ठेवला. फाडून टाकायला मात्र हात झाला नाही.

परत आल्यावर द्रौपदेचा फोन आला. गावाकडच्या तानुबाई आत्यांनी हुकूम सोडला होता. समुद्र ओलांडून सुखरूप आलात, तर काशीहून आल्यावर करतात तसं मावंदं घाला, चार माणसं जेवू द्या. "अक्का, बट्ट्या तुमच्याच हातच्या हव्यात हं. तुमच्याशिवाय मला नाही जमायचं."

नर्मदाबाईंनी बरं म्हटलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मावंद्याला, यात्रा करून आलेल्याच्या पाया सगळे पडतात. त्यात थोरलं-धाकटं बघत नाहीत. यात्रेचं पुण्य त्या पायांना लागलेलं असतं. म्हणजे आपण बट्ट्या तळायच्या, चुलीच्या धगीत घामाघूम व्हायचं आणि वर चाळीस माणसांपुढे त्या धाकटीच्या पायावर डोकं ठेवायचं. जी खुर्ची चार महिने आपण झाडूनपुसून ठेवली, तिच्यावर बसून आली म्हणून!

रविवारी सकाळी नानांबरोबर धुळ्याला पोचल्या तेव्हा देवपुरातल्या घरात शेजारणींचा घोळका बसला होता. मध्ये द्रौपदा, फोटोंचं पाकीट हातात धरून. गळ्यात नवीन मोत्यांची माळ होती.

"हा बघा हंस. कलिंगडाचा. आणि हे हातमोजेवाले. टेबलाशी येऊन वाकतात."

"वाढतात पण का?"

"मग! एकेकाच्या मागे एकेक."

नर्मदाबाईंनी फोटो हातात घेतला. हंस तोच. वाढपी तसाच. खुर्चीत द्रौपदा, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली, डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे बघणारी. त्यांनी फोटो परत केला. "बरा आलाय," एवढंच म्हणाल्या आणि बट्ट्यांचं पीठ कुठे आहे ते विचारलं.

गच्चीच्या कोपऱ्यात चूल मांडली होती. उकडलेल्या बट्ट्या कापून तुपात सोडायच्या होत्या. द्रौपदा मदतीला येऊन बसली. खाली बायकांचा गलका चालू होता, वर दोघीच होत्या. नर्मदाबाईंना राहवलं नाही. दुखरा दात जिभेने चाचपावा तसं त्यांनी विचारलं, "सांग तरी, काय काय खाल्लंस?"

द्रौपदेने जिन्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "अक्का, कोणाला सांगू नका हं. उपाशी राहिले मी."

"म्हणजे?"

"पहिल्या रात्री त्या मोठ्या खोलीत बसवलं. हातमोजेवाल्याने बशीत भात आणला, मूठभर. वर कसलीशी पिवळी भाजी. जरा वेळाने आला आणि इंग्रजीत विचारलं, आणखी वाढू का. मी म्हटलं नो नो. आता आपल्यात पहिल्याच खेपेला कोणी हो म्हणतं का? म्हटलं, दुसऱ्यांदा आग्रह करील तेव्हा घेऊ थोडा."

"मग?"

"मग काय! बशी उचलून घेऊन गेला. अजून दोन घास होते तिच्यात."

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही?"

"छे! वरून थँक्यू म्हणाला."

नर्मदाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. हसू दाबताना त्यांचे खांदे हलले. द्रौपदेलाही हसू फुटलं. "दुसऱ्या दिवशी तर वाढपीही नाही. आपली आपली बशी घ्यायची, रांगेत उभं राहायचं आणि काढून घ्यायचं. चारशे माणसं पुढे. रेशनच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटलं मला. एका भांड्यात मासे, शेजारी बटाटे, आणि लोक तोच डाव इथून तिथे फिरवताहेत. मी आपली खोलीत जाऊन निजले. रडूच आलं हो."

नर्मदाबाईंच्या जिवाला गार वाटलं. गेले तीन महिने असं वाटलं नव्हतं. मग थोडी लाजही वाटली. "दशम्या न्यायला हव्या होत्या," त्या चाचरत म्हणाल्या. "मीच तुला..."

"नाही हो अक्का, बरंच झालं!" द्रौपदा एकदम म्हणाली. तिने मान खाली घातली आणि बट्टीचे हवे त्याहून बारीक तुकडे करायला लागली. "दशम्या असत्या तर हे कशाला उठले असते? घरात पाण्याचा पेला हाताने न घेणारा माणूस तो. म्हणाले, तू पड, मी बघतो. आणि गेले रांगेत. प्रत्येक भांड्यापाशी थांबून व्हेज का, व्हेज का, असं विचारत फिरले म्हणे. दही, कोरा भात, पपईच्या फोडी, उकडलेला बटाटा असं काय काय घेऊन आले. बटाट्यावर मीठ-मिरपूड सुद्धा घालून आणली. आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिले. पुढचे दोन्ही दिवस तसंच. शेवटच्या दिवशी वर समुद्राकडे तोंड करून बसलो, एकाच ताटात जेवलो. लग्नात खाल्ला असेल तेवढाच एका ताटातला घास, त्यानंतर हा."

तूप तापून धुरायला लागलं होतं. नर्मदाबाईंनी कढई खाली उतरवली. हंस गेला, हातमोजे गेले, त्यांचं त्यांना काहीच राहिलं नाही. पण हे नवीनच काहीतरी होतं. या गोष्टीचं चित्र कुठल्या कागदावर छापलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती कधी मागितलीही नव्हती. आणि ती द्रौपदेला मिळाली कशामुळे, तर आपण दशम्या दिल्या नाहीत यामुळे!

बाराच्या सुमारास गच्चीवरच पानं मांडली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. तानुबाई आत्या काठी टेकत मधोमध उभ्या राहिल्या. "आधी पाय पडा, मंग जेवा. चाल वं नर्मदा, तू मोठी शे, तू पहिली."

द्रौपदा पाटावर बसली होती. तिने पाय संकोचाने आत ओढले. "अक्का नकोत हो, आत्या. अक्कांनी कसं..."

तिने तसं म्हटलं हेच नर्मदाबाईंना लागलं. त्या हसत पुढे झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पडते की! पण आत्या, काशीला जाणारी बाई उपास करते, आमच्या द्रौपदेनेही केला, तो तर ऐका." आणि त्यांनी सांगितलं. नो नो, उचललेली बशी, थँक्यू, रेशनची रांग, खोलीतलं रडणं, सगळं सांगितलं. नर्मदाबाईंना गोष्ट सांगायची हातोटी होती. बशी उचलताना त्यांनी वाढप्यासारखं कमरेत वाकूनही दाखवलं. गच्ची हसून हसून लोटपोट झाली. सकाळी फोटो पाहिलेल्या शेजारणी तर डोळे पुसायला लागल्या.

"माय वं, तू उपाशी रायनी?" तानुबाई म्हणाल्या. "मंग हाई कसानी यात्रा?"

पाया पडायचं सगळेच विसरले. नर्मदाबाईंनी श्वास सोडला आणि मग द्रौपदेकडे पाहिलं. सांगू नका म्हटलेलं सांगितल्यावर माणूस जसं पाहतं, तसं ती पाहत होती. क्षणभरच. मग ती लाल झाली आणि पदर तोंडाशी धरून हसत म्हणाली, "अक्कांनी निम्मंच सांगितलं. पुढचं ऐका ना."

आणि पुढचं तिने स्वतः सांगितलं.

पुरुषांच्या पंगतीतून भटूच्या दुकानाशेजारचे पितांबर ओरडले, "काय भटूशेठ! जहाजावर वाढप्याची नोकरी धरली म्हणे?"

भटू पानाभोवती पाणी फिरवत होता. त्याने वर पाहिलं. लाजेल, उडवून लावेल, असं सगळ्यांना वाटलं. तो म्हणाला, "मग काय करू? उपाशी होती ती."

कोणी हसलं नाही. मग तानुबाईंनी काठी आपटली. "पाय पडना व्हई ते आते भटूना पडा वं!" भटूच्या पाया पडायचं ऐकून बायका पुन्हा हसल्या, पण ते हसणं पहिल्यासारखं नव्हतं. दोघी-तिघींनी आपापल्या नवऱ्याच्या पानाकडे पाहिलं. एकजण तर मोठ्यानेच म्हणाली, "आमचे असते तर म्हणाले असते, तुला भूक लागली तर मला का उठवतेस."

नर्मदाबाईंना कोणाच्याच पाया पडावं लागलं नाही. त्या वाढत राहिल्या. वरण, बट्ट्या, घोटलेली वांग्याची भाजी, वरून तूप. नानांच्या पानाशी आल्या तेव्हा नाना वर न बघता म्हणाले, "वरण."

चारच्या एसटीने दोघं निघाले. खिडकीची जागा नानांनी घेतली. गाडी गावाबाहेर पडली तसे ते म्हणाले, "भटूने लाज आणली. बायकोसाठी बशी घेऊन हिंडायचं, तेही कंपनीच्या माणसांसमोर."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी? मी त्यांच्या मॅनेजरला बोलावलं असतं. चांगला झापला असता. माणसं कशाला ठेवली आहेत म्हणून विचारलं असतं."

"आणि मी?"

"तू काय?"

मुकटी गाव यायच्या आत नानांचा डोळा लागला. डोकं खिडकीवर आपटत होतं, तरी झोप मोडत नव्हती. दोन्ही बाजूंना कपाशी वेचून झालेली होती, रानात नुसत्या काड्या उभ्या होत्या.

नर्मदाबाईंनी डोळे मिटले. ती खोली त्यांना अजून पाठ होती, तिथे जायला कागद लागत नव्हता. हंसाला त्यांनी बाजूला सारलं. हातमोजेवाल्यालाही जा म्हटलं. मग खुर्चीत बसून त्यांनी नानांना रांगेत उभं केलं. धोतर-सदऱ्यातले नाना, हातात बशी. इथपर्यंत जमलं. नाना भांड्याभांड्यापाशी थांबत पुढे सरकले, दही घेतलं, भात घेतला, बटाटा घेतला. बशी भरली. नर्मदाबाईंनी खुर्चीत जरा सावरून बसत पदर नीट केला. नाना वळले, दोन पावलं चालले, जवळच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि जेवायला लागले.

त्यांनी पुन्हा त्यांना रांगेत नेऊन उभं केलं. पारोळा येईपर्यंत तीन वेळा केलं. तिन्ही वेळा नाना भरल्या बशीनिशी वळत, मान वर न करता मध्येच कुठेतरी बसत आणि जेवत.