एका डोळ्याचा दात आणि मी

मित्रांनो, त्या दाताला शेवटी दुसरा डोळा मिळाला!

आता हे मी तुम्हांला सांगितलंच नाही, असं समजा. दाताला सध्या एकच डोळा आहे, दुसऱ्याच्या जागी नुसता पांढरा रंग आहे, आणि पुढे काय होणार याची मलाही काही कल्पना नाही. चला, सुरू करू या. मला अजिबात धीर निघत नाहीये.

मी शिडी. लाकडी, घडीची. वयानं पुष्कळ वाढले, उंचीनं मात्र होते तेवढीच राहिले. खरं तर माझी खाट व्हायची होती. सुताराचं माप चुकलं, खाट भलतीच अरुंद झाली. झोपणारा माणूस बारीक करता येईना, तेव्हा सुतारानं खाट उभी करून पाहिली, मधोमध दोन तुकडे केले, वर बिजागऱ्या ठोकल्या आणि म्हणाला, "झाली शिडी." म्हणून मला अजूनही दुपारी जेवणं झाली की आडवं व्हावंसं वाटतं.

मला एका पेंटरनं नेलं. चित्रं काढून भिंतीला टांगणारा पेंटर नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मला एका चपलांच्या दुकानासमोर उघडलं. काय सांगू! तोवर मी आडवीच पडून असायचे, त्यामुळे जग म्हणजे पाय, अशी माझी समजूत होती. उभी राहून पाहते तर प्रत्येक दोन पायांवर एकेक माणूस बसवलेला! मला इतका आनंद झाला की माझी एक पायरी करकरली. ती तेव्हापासून करकरतेच आहे.

पाटी रंगवणाऱ्याची एक मोठी अडचण असते. त्याचं नाक पाटीपासून वीतभर लांब असतं. अक्षर त्याला हत्तीएवढं दिसतं, पण ओळ सरळ चाललीय की घसरत चाललीय, ते दिसत नाही. ते दिसतं फक्त रस्त्यापलीकडून. म्हणून पलीकडे कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि त्यानं खरं सांगावं लागतं. हे काम पेंटरच्या मुलीकडे होतं. अगदी लहान असल्यापासून.

"पलीकडे जा आणि खरं सांग!" पेंटर माझ्यावरून ओरडायचा.

"उजवीकडे वर चढलंय, बाबा!"

"चढलंय म्हणजे? गच्चीवर गेलंय का?"

"चढलंय!"

"तुला काय कळतं!"

मग ती पाण्याची बाटली भरायला गेली की हा गुपचूप फडक्यानं अक्षर पुसायचा आणि खाली आणायचा. ती परत येऊन बघायची. "आता बरोबर झालं." हा मागे न वळता म्हणायचा, "आधीपासूनच बरोबर होतं."

इतक्या वर्षांत "तुझं बरोबर आहे" हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. पण मी त्याच्या पायाखाली होते. ती बरोबर बोलली की त्याच्या पायाचा अंगठा चपलेतल्या चपलेत हळूच वर व्हायचा. लोक मानेनं होकार देतात, हा अंगठ्यानं द्यायचा. ही गोष्ट साऱ्या जगात फक्त मला माहीत होती, आणि मला बोलता येत नव्हतं. व्यवस्था बघा कशी!

मुलगी मोठी झाली. एक दिवस औषधांच्या दुकानाची पाटी चालली होती. पेंटर ओरडला, "खरं सांग!" ती पलीकडे उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"ओळ सरळ आहे, बाबा."

"मग तोंड का पाडलंस?"

"हात थरथरतोय तुमचा."

पेंटर माझ्यावरून खाली उतरला. एकेका पायरीवर थांबत उतरला. ब्रश पुसला, डबा बंद केला आणि म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

ती आली नाही. तिनं एका छापखान्यात नोकरी धरली. तिथे दुकानांच्या पाट्या मशीन छापतं, प्लॅस्टिकच्या लांबलचक कापडावर. अक्षरं आपली आपण सरळ येतात, कुणाला पलीकडे उभं राहावं लागत नाही आणि शिडी लागते फक्त खिळे ठोकायला. मला हे जरा लागलं. पेंटरला फारच लागलं. त्यानं मुलीशी बोलणं टाकलं, आणि मुलगी त्याचीच असल्यामुळे तिनंही टाकलं.

आणि मित्रांनो, इथून माझ्या आयुष्यातला सोन्याचा काळ सुरू झाला!

घरात माझी जागा दाराशी, बोळात. दोघं तिथेच समोरासमोर यायची. एका संध्याकाळी पेंटर माझ्याकडे बघून म्हणाला, "शिडे, हिला सांग, वाटेतून बाजूला हो."

मुलगीही माझ्याकडेच बघून म्हणाली, "शिडी, यांना सांग, बोळ सगळ्यांचा आहे."

झालं! मी घरातली अधिकृत मध्यस्थ झाले. "शिडे, हिला सांग, पंखा बंद कर." "शिडी, यांना सांग, तो बंदच आहे." मी एकही निरोप पोचवला नाही आणि एकही निरोप अडला नाही. टपालखात्यानं यावर विचार करावा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, घरातली माणसं संपली का, लाकडाशी बोलताय ते?" पण तिचं ऐकतो कोण? एकदा तर पेंटर माझ्या पायरीवर हात ठेवून किती वेळ उभा होता. मग म्हणाला, "शिडे, हिला सांग, खोकल्याचं औषध घे. रात्रभर खोकत असते." आतून आवाज आला, "शिडी, यांना सांग, घेतलं." त्या वर्षातलं ते सगळ्यांत लांब संभाषण. माझ्यामार्फत झालं!

कामावर मात्र पेंटरचे हाल होते. पलीकडे उभं राहायला कुणीच नव्हतं. तो एक अक्षर काढायचा, खाली उतरायचा, गाड्या चुकवत रस्ता ओलांडायचा, पलीकडून बघायचा, तिथेच उभा राहून "तुला काय कळतं!" असं स्वतःला म्हणायचा, आणि परत येऊन चढायचा. लोक त्याला वेडा म्हणायचे. मी म्हणायचे नाही, कारण प्रत्येक फेरीत मला चढणं-उतरणं मिळत होतं.

शेवटचं काम दातांच्या दवाखान्याचं. दारावर एक मोठ्ठा दात, त्याला हात, त्याला पाय, तोंडभर हसू, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवतोय. हात झाले, पाय झाले, हसू झालं. एक डोळा काढून झाला तेव्हा पेंटर म्हणाला, "दुसरा उद्या." मला खांद्यावर घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसून चहा पीत होता. अर्धा कप राहिला आणि तो गेला.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. तो माझ्यावरून पडला नाही. तो खुर्चीत गेला. मी त्या वेळी दाराशी घडी घालून उभी होते. तरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस आत शिरताना माझ्याकडे बघायचा आणि हळूच मान हलवायचा. पेंटरची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "हीच ती. हिनंच माझ्या भावाला खाल्लं."

"अहो वन्सं, ते खुर्चीत बसले होते," आई म्हणाली.

"मग इतकी वर्षं कुणावर चढत होता? खुर्चीवर?"

"पण गेले खुर्चीतच ना."

आत्यानं वळून खुर्चीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्यानंतर भेटायला आलेलं कुणी त्या खुर्चीत बसेना.

मुलगी रडली नाही. पाणी दे, चहा टाक, चपला नीट लाव, असं करत घरभर फिरत राहिली. दोन-चार दिवस गेले. एका दुपारी दातांचे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. मुलीनं त्यांना पाहिलं, आणि रोजच्या सवयीनं माझ्याकडे तोंड करून म्हणाली,

"शिडी, यांना सांग, डॉक्टर आलेत."

आईच्या हातातली वाटी हातातच राहिली. मुलगी माझ्याकडे बघत होती. मित्रांनो, इतका महत्त्वाचा निरोप मला कुणी कधी दिला नव्हता, आणि तो कुठे न्यायचा, तेच मला कळत नव्हतं.

डॉक्टर भिडस्त होते. जोडे काढू की नको, यातच त्यांची काही मिनिटं गेली. मग म्हणाले, "तुमच्या दुःखापुढे माझं काहीच नाही. पण माझ्या दाराशी एका डोळ्याचा दात हात हलवतोय. काल एक आजोबा आले, वर बघितलं, आणि दाढदुखी आपोआप थांबली म्हणून परत गेले."

"मग?" मुलीनं विचारलं.

"छापील पाटी सांगून आलोय. उद्या दुपारी मिळेल म्हणाले. ती दातावरूनच ठोकून टाकू. म्हणजे, खालचा दात तसाच राहील. फक्त दिसणार नाही."

"कुठल्या छापखान्यात सांगितलीत?"

डॉक्टरांनी सांगितलं. तो मुलीचाच छापखाना होता. मशीन चालवणारीही तीच. बापाचं शेवटचं चित्र झाकायचं कापड तिलाच छापायचं होतं.

ती शांतपणे म्हणाली, "ते मशीन उद्या सकाळी बंद असेल."

"का? बिघडलंय?"

"बिघडेल. तुम्ही दुपारपर्यंत थांबा."

सकाळी आमची वरात निघाली! मुलीच्या खांद्यावर मी, आईच्या हातात रंगांचे डबे, आणि मागे रिकाम्या हातांनी आत्या. "मी येणार," ती म्हणाली, "त्या शिडीवर माझं लक्ष असलेलं बरं." पण रस्त्यात तिनंच दोनदा सांगितलं, "अगं, जपून, तिचा पाय आपटेल."

मुलगी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर चढली. बापाचाच ब्रश, बापाचाच डबा. दातासमोर नाक नेलं आणि थबकली. एवढ्या जवळून तिला नुसता पांढरा रंग दिसत होता. डोळा कुठे काढायचा, केवढा काढायचा, काही कळेना. वळून ती ओरडली, "आई, पलीकडे जा आणि खरं सांग!"

आई पलीकडे गेली. "छान आहे!"

"आई, मी अजून काही काढलंच नाही!"

"तरी छान आहे गं!"

आई बाद झाली. मग आत्या रस्ता ओलांडून गेली. तिनं कमरेवर हात ठेवले, एक डोळा मिटला, आणि मला धस्स झालं. अगदी पेंटर! बहीणच ती त्याची.

मुलीनं गोल काढायला घेतला.

"खाली आलाय!"

"कुठे खाली?"

"खाली म्हणजे खाली! गालावर काढतेस का डोळा? आणि मोठा होतोय. अगं केवढा! हा दात आहे की घुबड?"

"आत्या, तुला काय कळतं!"

एवढं तोंडातून निघालं आणि मुलीनं ब्रश डब्यात ठेवला. पलीकडे आत्याचे कमरेवरचे हात खाली आले. आई दवाखान्याच्या पायरीवर खाली बसली. आणि मुलीनं दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं, त्या भल्यामोठ्या दातावर कपाळ टेकलं आणि ती रडली. केवढी रडली! माझी वरपासून खालपर्यंत एकेक पायरी हलत होती. मी पाय रोवून उभी राहिले. डॉक्टर आवाज ऐकून बाहेर आले. दातापायी रडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण इतक्या मोठ्या दातासाठी कुणी रडताना पहिल्यांदाच पाहत होते. ते आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आले.

मग तिनं नाक पुसलं, फडकं घेतलं, अर्धा डोळा पुसला आणि जरासा वर, जरासा लहान असा पुन्हा काढला.

"आता?"

"आता बरोबर आहे," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "पण रेघ थरथरलीय गं."

मुलगी उतरली, स्वतः पलीकडे गेली आणि आत्याशेजारी उभी राहिली. दोघींनी बराच वेळ बघितलं.

"बाबांनी काढलेल्या डोळ्याचीही थरथरलीय, आत्या. बघ ना, खालून."

"हो की गं."

"पुसायची नाही मी."

"कोण पूस म्हणतंय?" आत्या म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

छापील पाटी रद्द झाली. मशीन काही बिघडलं नाही, मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. दात आता हसतो, पण रडून उठल्यासारखा हसतो. डॉक्टर म्हणतात, पेशंट दारात थांबून त्याच्याकडे बघतात आणि मग न घाबरता आत येतात. एवढं कळल्यापासून मी इतकी खूश आहे की दुपारी आडवी पडले तरी झोप येत नाही.

तेव्हा मित्रांनो, शिड्यांना उन्हापावसात टाकू नका. त्यांच्यावर ओली फडकी वाळत घालू नका. माणूस कुठे आणि कसा गेला याची नीट चौकशी केल्याशिवाय त्यांच्याकडे बघून माना हलवू नका. आणि घरात कुणाला काही सांगायचं असेल तर माझ्यामार्फत सांगू नका. सरळ त्यालाच सांगा. माझ्याकडे एक निरोप अजून पडून आहे.

या निमित्तानं मी संबंधित खात्याकडे एक अर्ज करत आहे. कोणतं खातं, ते खात्यानंच ठरवावं. विनंती अशी की, पेंटर, सध्याचा पत्ता माहीत नाही, यांना एका सकाळपुरती रजा मंजूर करून दातांच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस उभं राहण्यास पाठवावं. पाटी पाहून त्यांनी खरं काय ते सांगावं. खाली उतरण्यासाठी व परत वर चढण्यासाठी अर्जदार शिडी स्वतः हजर राहील. उंची कमी पडल्यास खाली टेबल ठेवण्यात येईल.