डोळे उघडून देणारा

घनसावंगीच्या बसस्टँडसमोर कल्याणचा स्टुडिओ होता. पाटीवर 'लग्न, वाढदिवस, प्री-वेडिंग' असं ठळक लिहिलेलं, पण गावाला पाटी वाचायची गरज नव्हती. गाव त्याला 'डोळे उघडून देणारा' म्हणूनच ओळखायचं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस गेलं आणि भिंतीला लावायला धड फोटो नसला, की तिरडी बांधता बांधता कल्याणला फोन जायचा. तो मयताचा चेहरा टिपायचा आणि दहाव्याच्या आत त्याच माणसाचा टक्क बघणारा फोटो फ्रेम करून द्यायचा.

लोकांना वाटायचं, कॉम्प्युटर नुसत्या पापण्या उचलतो, खालचे डोळे त्या माणसाचेच. मिटल्या पापणीखालचं कॅमेऱ्याला कसं दिसेल, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण दुःखात माणूस एवढा विचार करत नाही, आणि कल्याणनंही तो समज कधी मोडला नाही. पोटाचा प्रश्न होता. तो दुसऱ्या जित्या माणसाचे डोळे लावायचा. म्हाताऱ्या बायकांसाठी तर त्याच्याकडं एकच जोडी होती, त्याच्या आईची, गोजरबाईची. पहिला कॅमेरा घेतला तेव्हा जांब समर्थला देवळाच्या पायरीवर त्यानं तिचा फोटो काढला होता. उन्हामुळं डावा डोळा जरा बारीक झालेला, पण नजर अशी मायेची की कुणाच्याही चेहऱ्यावर बसायची. पंचवीस-तीस घरांच्या भिंतींवरून हार घालून गोजरबाई बघत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मयताच्या फोटोवाल्याला लग्नात कोण बोलावणार? चांगला हात असून कल्याणची दहा वर्षं अशीच गेली. मग जालन्यात एका दुकानाच्या उद्घाटनाचे त्यानं काढलेले फोटो तिथल्याच मस्तगड भागातल्या पारसशेठना आवडले. पारसशेठ कापडाचे व्यापारी. त्यांना कल्याणचं गावातलं नाव माहीत नव्हतं, हेच त्याचं नशीब. त्यांनी मुलीच्या, नेहलच्या लग्नाचं काम त्याला दिलं. अल्बम पसंत पडला तर दिवाळीनंतर पुतण्याचं, अर्पितचं लग्न, आणि मग जालन्यातली सगळी व्यापारी घरं. कल्याण आईला म्हणाला, "माय, एवढं बराबर झालं की मयताचं काम बंद. बिलकुल बंद."

लग्नात तो तीन दिवस राबला. फक्त एका फोटोनं घात केला. पारसशेठच्या आई, राजकुमारीबाई, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिन्ही दिवस डोळ्यांवर काळा चष्मा. नातीला आशीर्वाद देताना तेवढा त्यांनी काढला आणि नेमके डोळे मिटले. फोटो तर अल्बमच्या मधोमध हवा होता. कल्याणनं क्षणभर विचार केला, आणि सवयीनं हात आईच्या फोटोकडं गेला.

अल्बम पारसशेठच्या बैठकीत उघडला गेला. राजकुमारीबाई आपल्याच फोटोवरून हात फिरवत खुशीत हसल्या. तेवढ्यात दैवशाला चहा घेऊन आली. ती घनसावंगीकडचीच, या घरी स्वयंपाकाला होती. पानाकडं नजर गेली आणि ती जागीच थांबली.

"ही तर माझ्या मायची नजर हाय."

"तुझी माय वारली ना?" राजकुमारीबाईंनी विचारलं.

"आठ वर्सं झाली. ह्या भाऊंनीच फोटो करून दिल्ता. मी रोज उदबत्ती लावते, मला कळंना व्हय?"

राजकुमारीबाईंनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. पारसशेठचा आवाज चढला. "कल्याण, मेलेल्या बाईचे डोळे माझ्या आईला? नेहलच्या लग्नात?"

कल्याण गप्प बसला तर मस्तगडच काय, अख्ख्या जालन्याचं दार बंद. खरं बोलला तर दैवशालाची भिंत रिकामी. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती चिडलेली नव्हतीच. परक्या घरात अचानक माय भेटावी तशी ती त्या फोटोकडं बघत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"न्हाई शेठ," तो म्हणाला, "मेलेल्या बाईचे न्हाईत. माझ्या आईचे हायेत. धडधाकट हाय ती. बघा." आणि त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

स्क्रीनवर गोजरबाई आली. दारातल्या उन्हानं डावा डोळा बारीक झालेला. "काय रं कल्याण, जेवला का?"

पारसशेठनी एकदा अल्बम पाहिला, एकदा मोबाइल, आणि त्यांना हसूच फुटलं. "अरे बाबा, जान काढली होतीस! तेवढं पान बदल." राजकुमारीबाईंनीही सुटकेचा श्वास सोडला. चहा घेता घेता अर्पितच्या लग्नाची तारीख कल्याणला सांगून झाली. दैवशाला मात्र कॉल बंद झाला तरी काळ्या स्क्रीनकडं बघत उभी होती. मग ती ट्रे घेऊन आत गेली.

तो पायरीवर बूट घालत होता, तेव्हा ती बाहेर आली.

"भाऊ, मंग माझ्या मायचे डोळे कुठं हायेत?"

"मिटलेले व्हते, ताई. मला तरी कुठं दिसले?"

"मंग मला मिटलेलाच फोटो दे. जशी गेल्ती तशी. तेवढी तरी माझी असंल."

"देतो," कल्याण म्हणाला.

बसमध्ये बसल्यापासून त्याला ठाऊक होतं की तो देऊ शकणार नाही. मयताचे मूळ फोटो तो काम झालं की त्याच दिवशी पुसून टाकायचा. ज्या कॉम्प्युटरवर लग्नाची कामं यायची, त्यात तसले चेहरे कशाला? तरी घरी आल्या आल्या त्यानं सगळे फोल्डर उघडून पाहिले. दैवशालाच्या आईचं काहीच नव्हतं. आठ वर्षं तिनं उदबत्ती लावलेला चेहरा जगात तेवढाच उरला होता, आणि आज त्यानं तोही खोटा ठरवला होता.

गोजरबाईनं ताट वाढून समोर ठेवलं.

"मघा फोनवर ती बाई कोण व्हती रं? लेकीवाणी बघून राह्यल्ती माझ्याकडं."

कल्याणनं भाकरी मोडली. आईच्या डोळ्यांकडं बघायची त्याला लाज वाटली.