झुरळांचा बंदोबस्त

संशोधन संस्थेत तोंडावर बाईंना बहुतेक सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे माशीबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. वीस वर्षं त्यांनी घरमाशी अभ्यासली होती. कीटकनाशकाचा हलका डोस मिळालेली माशी मरत नाही, उलट तिच्या अंगातली एन्झाइमं अशी कामाला लागतात की पुढचा डोस ती पचवून मोकळी होते, हे त्यांनीच दाखवून दिलं होतं.

मग नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. ते गणिताचे मास्तर. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी हिशेब मांडला: गोळीचा असर चार तास, आणि दोन गोळ्यांमध्ये अंतर आठ तासांचं. "मधले चार तास मी कुणाच्या भरवशावर काढायचे?" त्यांनी बायकोलाच विचारलं. विष शरीरातून कसं बाहेर पडतं हे बाईंना पाठ होतं. औषध आत कसं टिकवायचं याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी माश्यांच्या बरण्या धुऊन ठेवल्या आणि पहिल्यापासून शिकायला बसल्या. लोक हसले. माशी आता हृदयावर बसणार म्हणाले.

हसणाऱ्यांचे दात तेरा वर्षांनी घशात गेले. बाईंनी औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणात असं बंद केलं, की यकृताला त्याचा पत्ताच लागेना. प्राणीघराच्या डाव्या खोलीतल्या पांढऱ्या उंदरांच्या रक्तात साधं औषध पाऊण तासात संपे. कणातलं आठ तास टिके. दहा पट! माणसांवरच्या चाचणीला परवानगी देणारी समिती गुरुवारी बसणार होती. बाईंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

सोमवारी माशी शिंकली. शेवटची खातरजमा म्हणून त्यांनी प्राणीघराच्या उजव्या खोलीतले, नुकतेच आणलेले सहा उंदीर घेतले. त्यांच्यात साधं औषध साडेपाच तास टिकलं. बाईंनी तीनदा मोजलं. यंत्रावर संशय घेतला, यंत्र बिचारं निर्दोष निघालं. तेव्हा त्या तडक प्राणीघरात गेल्या.

प्राणीघर सांभाळणाऱ्या वयस्क गृहस्थांना अख्खी संस्था उंदीरमामा म्हणे.

"मामा, दोन्ही खोल्यांत खाणं एकच ना?"

"एकच."

"खाली घालायचा भुसा?"

"एकाच पोत्यातला. आणि पाणीही एकाच नळाचं, आता तेही विचाराल."

"मग डावीत असं काय करता, जे उजवीत करत नाही?"

मामांनी डोकं खाजवलं. "काही नाही. फवारणी तेवढी. उजवीला अजून झुरळं लागली नाहीत ना."

"कसली फवारणी?"

मामांनी कपाटाचं दार उघडलं. आतून एक चिठ्ठी डकवली होती. कीटकनाशकाचं नाव, आणि पुढे: 'महिन्यातून एकदा, फक्त फटींत. उंदरांना अपाय नाही.' चार वर्षांपूर्वीचं अक्षर, आणि ते बाईंचंच.

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. उंदरांना अपाय नव्हताच. पण फटींतला तो वास रोज हुंगून त्यांची यकृतं माश्यांसारखीच कामाला लागली होती, आणि समोर येईल ते औषध फस्त करत होती. कणाचं कौतुक दहा पट झालं ते त्यामुळे. ही चूक ओळखायला साऱ्या संस्थेत त्यांच्याइतकं लायक कुणी नव्हतं, आणि ती केली होती त्यांनीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"नाही मामा. तुम्ही सांगितलं तसंच केलंत."

घरी मास्तरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "दहा पटीचं उरलं किती?"

"दीड पट."

"मग दीडच सांगायचं."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. तेरा वर्षं डोळे लावून बसलोय. पण चुकलेल्या उत्तराला मी कधी मार्क दिलेत का?"

बुधवारी बाई संचालकांकडे गेल्या. ते एकेकाळचे त्यांचेच विद्यार्थी.

"मॅडम, डाव्या खोलीचे उंदीर किती?"

"एकशे चाळीस."

"आणि उजवीचे सहा! सहा उंदरांपायी फाइल मागे घेता? जाऊ द्या ना पुढे. काय ते माणसांत कळेलच."

"म्हणजे कुणाच्या तरी जिवावर कळेल."

"पण आता मागे घेतली, तर तुमच्या हयातीत," त्यांनी जीभ चावली, "म्हणजे तुमच्या नोकरीत ती परत येणार नाही."

"दोन्हींत नाही आली तरी चालेल," बाई म्हणाल्या आणि तिथेच अर्ज लिहून दिला.

बाहेर पडल्यावर मात्र तेरा वर्षं पाण्यात गेली असं वाटून जिन्यातच त्यांना रडू आलं. डोळे पुसता पुसता त्या थबकल्या. डाव्या खोलीतल्या त्या खादाड यकृतांपुढेही कण आठ तास टिकलाच होता! अशी यकृतं माणसांतही असतात: जन्मभर फवारणीचं काम करणारे, वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या घेणारे. त्यांच्या अंगात हृदयाची गोळी धड कामाला लागायच्या आत संपते. दहा पट हा आकडा खोटा नव्हता. तो सगळ्यांचा नव्हता, या माणसांचा होता. आता तो नीट सिद्ध करायचा. चौदा महिने म्हणजे उंदरांच्या चार पिढ्या. पुष्कळ झाल्या.

गुरुवारी समिती दुसऱ्याच कुणाची तरी फाइल वाचत होती आणि बाई प्राणीघरात होत्या. मामांनी फवारणीचा पंप घासून पालथा घातला होता.

"बाई, शपथ घेतो, यापुढे इथे एक थेंब फवारणार नाही."

बाईंनी पंप उचलून त्यांच्या हातात दिला.

"फवारायचं मामा. डाव्या खोलीत, पहिल्यासारखं, आणि दर वेळी तारीख टाकून. उजवीत थेंबही नाही. कुठला उंदीर कुठे, ते सोडत काढून ठरवू."

"आणि उजवीत झुरळं शिरली तर?"

"चपलेनं मारा," असं म्हणून बाई पिंजऱ्यांवर एकपासून नंबर घालायला बसल्या.