गरम टॉवेल

या, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण मोठ्याने सांगवत नाही.

माझं दाढी-कटिंगचं दुकान. धाकटा भाऊ एका सराफाच्या गाडीवर ड्रायव्हर. गेल्या वर्षी दरोडेखोरांनी त्याला उचललं आणि मालकाच्या घरची माहिती काढायला नऊ दिवस गोदामात कोंडलं. खुर्चीला बांधायचे, तोंडावर ओलं फडकं टाकायचे आणि वरून पाणी ओतायचे. देवाच्या कृपेने जिवंत परतला. आम्ही म्हटलं, सुटला! पण सुटला होता तो नुसता देह. नळ वाहू लागला की हा भिंतीला पाठ लावून उभा. तोंडाला पाणी लावू देईना. दाढी वाढतच गेली.

आठ महिने मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हळूहळू माणसात आला. मालक भला माणूस, म्हणाला, सोमवारपासून गाडीवर ये. मग ठरलं, रविवारी दुपारी दुकान बंद ठेवायचं आणि मी त्या एकट्याचीच दाढी करायची.

तो दारातच थांबला. "दादा, खुर्ची मागे पाडायची नाही. आणि तोंडावर काही टाकायचं नाही."

"नाही टाकणार. शपथ."

"तुझ्या शपथा माहीत आहेत मला! लहानपणी माझे अर्धे केस कापून खेळायला पळाला होतास."

"म्हणून तर अर्धाच मार खाल्ला."

हसला हो! खुर्चीत बसला. वस्तरा चालला तसा त्याने माझं मनगट धरून ठेवलं. एक गाल झाल्यावर आपणहून सोडलं. दाढीखालून माझा भाऊ बाहेर येत होता. मला इतका आनंद झाला की मी गुणगुणायला लागलो.

तिथंच घात झाला. तीस वर्षं, दाढी संपली की माझा हात गरम पाण्यातला टॉवेल पिळतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवतो. आमच्या धंद्यात याहून मोठं सुख नाही. शपथ तोंडाने घेतली होती, हाताला तिचा पत्ताच नव्हता.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि टॉवेलखालून अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, माझं काय करायचं ते करा. दादाच्या दुकानाकडे जाऊ नका."

मला इजा करू म्हणून त्यांनी त्याला धमकावलं होतं, हे इतक्या महिन्यांत त्याने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

टॉवेल ओढून मी म्हणत राहिलो, "अरे, मी आहे, दादा!" त्याचे डोळे मला ओळखेनात.

सोमवारी तो गाडीवर गेला नाही. अजूनही गेलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, वाट तीच, फक्त पुन्हा पहिल्यापासून चालायची. तो म्हणतो, "दादा, माझा राग नाही रे." पण बोलताना त्याची नजर माझ्या हातांवर असते. मी ते पाठीमागे धरून उभा राहतो.

त्याच्यासाठी देवाकडे काही मागायला मला तोंड राहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही देवापुढे बसाल तेव्हा माझ्या धाकट्याची आठवण काढा. 'तो ड्रायव्हर' एवढं म्हटलंत तरी पुरे. देवाला कळेल.