मुकादमाच्या कमरेचा बिल्ला

मित्रांनो, तळहातात मावेल एवढा मी एक जुना पितळी बिल्ला आहे. पायधुणीच्या एका तांबटाने मला ठोकून गोल केलं, वर भोक पाडलं आणि परळच्या एका गिरणीला विकलं. सूत गुंडाळणाऱ्या चाळीस बायकांच्या खात्यात मी एकटाच. लघवीला जायचं, तर मुकादमाकडून मला मागून घ्यायचं आणि परत आणून द्यायचं, असा नियम होता.

धोंडू मुकादम मला करदोट्याला बांधून मिरवी. दर आठवड्याला चिंचेने घासून लख्ख करी. बायका ताटकळत माझ्याकडे बघत, आणि मला त्याचाच डौल वाटे. आज त्या डौलाची लाज वाटते.

गुणवंती राजापुराकडून आली. धोंडूच्या धाकट्या भावाची बायको. आपल्या खात्यात आपल्या नजरेखाली बरी, म्हणून धोंडूनेच तिला कामाला लावलं. पण थोरल्या दिरासमोर जिने कधी मान वर केली नाही, घरात तो आला की जी भिंतीआड होई, ती त्याच्या कमरेच्या बिल्ल्यासाठी हात कशी पसरणार? तेही चाळीस जणींसमोर?

तिने पाणी पिणं सोडलं. सबंध दिवस तशीच बसून राही. आधी कळ येई, ओठ दाबले जात. मग कळही येईनाशी झाली. तिला वाटलं, सवय झाली.

तीनेक महिन्यांत तिचं ओटीपोट वर आलं. अन्नावरची वासना गेली, मळमळू लागलं. शेजारची जाईबाई डोळे मिचकावून म्हणाली, "लपवतेस कोणाक गो? माझी चार झालीत!"

गुणवंती लाजली. तिलाही ते खरं वाटलं. नवऱ्याने कैऱ्या आणल्या. बायका कांड्यांवर सूत गुंडाळताना गाऊ लागल्या:

*सूत माझं गोरं गं, कांडी भरे काठोकाठ,*
*गुणाबाईच्या बाळाची आम्ही पाहतो गं वाट.*

मीही त्या गाण्याच्या ठेक्यावर धोंडूच्या कमरेला डुलत होतो, मित्रांनो.

एका दुपारी ती कामावरच कोसळली. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, शुद्ध हरपत चाललेली. धोंडूने लाजलज्जा बाजूला ठेवून तिला उचललं, हातगाडीवर घातलं आणि इस्पितळ गाठलं. जाईबाई मागून धावत आली.

डॉक्टरांनी नळी घातली. भांडी भरली, आणि फुगलेलं पोट सपाट झालं.

"बाळ नव्हतं हो," ते हळूच म्हणाले. "हे मूत्राशय. हजारांत एखाद्याचं जन्मतःच दुबळं असतं. भरलं तरी नीट सांगत नाही, स्वतःहून पुरतं रिकामं होत नाही. अशा माणसाने तर वेळच्या वेळी उठायलाच हवं. हिने रोज धरून ठेवलं. ताण उलटा वर चढला, आणि दोन्ही मूत्रपिंडं एकाएकी बंद पडली."

तिसऱ्या दिवशी गुणवंती गेली.

धोंडू इस्पितळाच्या पायरीवर बसला. "माझ्यापाशी बिल्ला मागितला असता, तर मी नाही म्हटलं असतं काय, जाईबाई?"

"मागतली कशी? थोरले दीर ना तुम्ही," जाईबाई म्हणाली. मग पदर तोंडाशी नेऊन पुटपुटली, "आणि मी मेली पाळण्याची गाणी गात बसले."

दुसऱ्या दिवशी धोंडूने मला करदोट्यापासून सोडवलं. दाराजवळ, बायकांच्या हाताला येईल अशा उंचीवर खिळा ठोकला आणि मला तिथे अडकवलं. मग कोण उठतं ते दिसू नये म्हणून त्याने आपलं बसायचं खोकं दुसरीकडे तोंड करून ठेवलं.

त्यानंतर मला कोणी चिंचेने घासलं नाही. मी काळा पडलो. बरंच झालं.

मित्रांनो, कळ आली की लाजू नका, उठा. आणि दुसऱ्याची निकड तुमच्या हाती असेल, तर ती कमरेला बांधून मिरवू नका. ज्याला मागता येत नाही, त्याला दिसेल अशी दाराशी ठेवा.

त्या खात्यातल्या साऱ्या बायकांचे हात मी ओळखतो. कोणाचा खरखरीत, कोणाचा ओला. गुणवंतीचा मात्र मला एकदाही लागला नाही.