पाच जणांचा पास

छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार म्हणून गिरणगाव पेटलेलं असताना, राधाचे वडील कुशाबा लालबागच्या खोलीत वारले. म्हातारपणाने, सकाळी, चहा घेता घेता. खाली संचारबंदी होती.

खालच्या वाण्याच्या फोनवरून मुंबईतच फणसवाडीला राहणाऱ्या राधाच्या भावाला, शामरावला, निरोप गेला. तो निघतो म्हणाला. येणार कसा, ते कुणालाच कळेना. राधा गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. दुपार कलली तरी त्याचा पत्ता नव्हता. शेवटी शेजारचे बुधाजी चौकीवर जाऊन पास घेऊन आले. कुशाबांबरोबर उभी हयात गिरणीच्या एकाच साच्याखात्यात, मागांवर, काढलेला माणूस. पास पाच जणांचाच होता. चौघे खांद्याला, पाचवं माणूस मडक्याला; पण मुलगा नसताना मडकं कोण धरणार? बायका कुजबुजल्या, पण राधाने मडकं उचललं आणि ती जिना उतरली.

नाक्यावर पोलिसांनी अडवलं. तिथेच फुटपाथवर शामराव बसलेला. गल्लीबोळांतून चालत आला होता आणि घरापासून हाकेच्या अंतरावर पोलिसांच्या हाती सापडला होता. तिरडी दिसताच तो उठला. शिपायाने त्याला खाली दाबलं.

राधाने फौजदाराला सांगितलं की हा मेलेल्याचा मुलगा आहे. फौजदार तसा वाईट नव्हता. पण पास पाचांचा, सहावा सोडला तर आपल्यावर येईल, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पुढच्या खांद्याला असलेल्या बुधाजींनी शामरावला हाताने बोलावलं.

"झिलाक खांदो देऊंदे," ते फौजदाराला म्हणाले. "मी हयसर थांबतंय."

फौजदाराने मान हलवली. शामराव खांद्याला लागला. बुधाजींना एकट्याने घरी परतायचीही मुभा नव्हती. पास तर पुढे चालला होता. ते फुटपाथवर बसले.

भोईवाड्याच्या स्मशानात भावाबहिणीने मिळून अग्नी दिला. राधाचं मन मात्र नाक्यावर अडकलं होतं. परत येताना ती जवळजवळ धावतच होती. नाक्यावर दुसरेच पोलीस होते. विनापास बसलेला एक म्हातारा गाडीत घालून नेला, असं त्यांनी सांगितलं.

चाळीच्या दारात बुधाजींची बायको जाईबाई उभी होती. तिने माणसं मोजली.

"आमचे खंय रवले?"

राधाने सांगितलं. शामराव चौकीवर जायला निघाला, तर लोकांनी त्याला धरून ठेवलं. तो रात्रभर जिना चढत-उतरत राहिला.

सकाळी दोन तास संचारबंदी उठली. तडक राधा, शामराव आणि जाईबाई चौकीवर गेले. बरंच ताटकळल्यावर बुधाजी बाहेर आले, डोळे तांबारलेले, टोपी हातात.

"कुशाबाचा सगळा नीट झाला मां?"

राधाने होकारार्थी मान हलवली. तिला रडू आलं, पहिल्यांदाच. जाईबाई घराकडे वळली, संचारबंदीचा भोंगा व्हायच्या आत पोचायला हवं म्हणाली. बुधाजींनी टोपी घातली आणि ते उलट्या दिशेने, भोईवाड्याच्या स्मशानाकडे चालायला लागले. क्षणभर थांबून जाईबाईही त्यांच्यामागे निघाली, भराभर.